बाईंच्या शेजारची खाट

मला बाहुली म्हणू नका, मित्रांनो. बाहुल्या खेळण्यासाठी असतात. माझ्या अंगावर कितीतरी मुलींनी माणसाला कसे सांभाळावे याचे पहिले धडे गिरवले, आणि त्यांतल्या कित्येक जणी आज रुग्णालयांत ताठ मानेने वावरतात. मी परिचारिकांच्या शाळेतली, सरावासाठी ठेवलेली एक जुनी पुतळी आहे. शाळेत मला ‘डमी’ म्हणत. हा शब्द मला कधीच रुचला नाही. परंतु मला ओठ दिले, जीभ दिली नाही, म्हणून तक्रार करता आली नाही. सरळ बसा आणि ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे अंग रबरासारख्या जाड, लवचीक पदार्थाचे. खांदे, कोपरे, गुडघे यांत पोलादी सांधे. मांडीत सुया टोचून घेण्यासाठी स्पंजाची गादी. डोळे रंगवणारी कारागीर हाताची सफाईदार होती; पण माझा डावा डोळा रंगवत असताना जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला आणि बुबुळ कडेला सरकले.

“अगं, ही तिरळी झाली की!” तिची शेजारीण म्हणाली.

“होऊ दे. दवाखान्यातच चाललीय, तिथे दाखवेल डॉक्टरांना.”

तेव्हापासून माझा एक डोळा छताकडे आणि दुसरा शेजारच्या खाटेकडे असतो. याचे मला वाईट वाटत नाही. जे पाहायला हवे होते ते त्या दुसऱ्या डोळ्यानेच पाहिले.

मला ठेवले ती सरावाची खोली स्त्रियांच्या वॉर्डाला लागून होती. लोखंडी खाटा, उंच खिडक्या, फिनेलचा वास आणि दाराजवळ हात धुण्याचे पांढरे भांडे. पहिल्याच दिवशी नव्या मुलींचा घोळका घेऊन त्यांना शिकवणाऱ्या बाई आल्या. बाई उंच नव्हत्या. त्यांचा आवाजही चढा नव्हता. परंतु त्या बोलू लागल्या की मागे उभी असलेली मुलगी आपोआप पुढे सरकत असे. त्या माझ्या उशाशी आल्या, किंचित वाकल्या आणि म्हणाल्या, “आजी, या माझ्या नव्या मुली. हात गार आहेत त्यांचे, आणि जरा घाबरल्याही आहेत. सांभाळून घ्या हं.”

मुली फिस्सकन हसल्या. बाई हसल्या नाहीत. माझ्या उत्तरासाठी थांबावे तशा क्षणभर थांबल्या, आणि मगच त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला.

मित्रांनो, बाईंचे सारे शिकवणे त्या थांबण्यात होते. रुग्णाला कुशीवर वळवायचे असो, अंग पुसायचे असो, सुई द्यायची असो, आधी त्याला सांगायचे, मग थांबायचे आणि त्यानंतरच हात लावायचा. तो बेशुद्ध असला तरी सांगायचे. ऐकू येत नसले तरी सांगायचे. एखादी मुलगी विसरली की बाई तिला दारापर्यंत परत पाठवत आणि तेथून पुन्हा सुरुवात करायला लावत.

त्या मुलींत एक विलक्षण चपळ मुलगी होती. बाईंनी तिचे नाव ‘तुफान’ ठेवले होते. परीक्षेच्या दिवशी तिने माझे अंग पुसले, चादर बदलली, केस विंचरले. पाण्याचा थेंब खाली पडला नाही की चादरीला सुरकुती राहिली नाही. ती विजयी मुद्रेने उभी राहिली. बाईंनी तिला नापास केले.

“का, बाई? काय चुकलं माझं?”

“काही सांडलं नाहीस, काही भिजवलं नाहीस. पण एवढ्या वेळात आजींशी एक शब्द तरी बोललीस?”

“बाई, अहो, ती डमी आहे!”

“म्हणूनच तर. हिच्याशी बोलायची लाज गेली की माणसांशी बोलताना अडणार नाहीस. जा, दारापासून ये.”

तुफान रडत रडत दारापर्यंत गेली आणि नाक ओढत परत आली. “आजी,” ती रागाने म्हणाली, “मी तुमचं अंग पुसतेय. पाणी कोमट आहे. आणि तुमच्यामुळे मी नापास झालेय.”

बाई त्या दिवशी पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना तशा हसताना फार वेळा पाहिले नाही.

ती माझ्या वैभवाची वर्षे होती. तपासणीला येणारे साहेब मुलींचे हात पाहून थक्क होत. बाई त्यांना कधी काही समजावून सांगत बसल्या नाहीत. पुढे बाई निवृत्त झाल्या. मग पडद्यावर चित्रे दाखवून शिकवण्याचे दिवस आले. नव्या शिक्षिका हुशार होत्या, अभ्यासक्रम संपवण्याची घाई मात्र त्यांच्या मानेवर बसलेली असे. “डमीशी गप्पा नंतर मारा, आधी हात चालवा,” असे त्या म्हणत. मुलींचे हात चालू लागले आणि खोली मुकी झाली. काही काळाने माझ्यावर चादर टाकली गेली. मी मानी आहे. परंतु चादरीखाली मान कोणाला दिसते?

मग तापाची साथ आली. वॉर्ड भरला आणि सरावाच्या खोलीतल्या खाटाही रुग्णांना द्याव्या लागल्या. माझ्या तोंडावरची चादर कोणीतरी ओढून नेली, कारण ती हवी होती. शेजारच्या खाटेवर एका वृद्ध स्त्रीला आणून ठेवले होते. नाकात नळी, तोंड एका बाजूला ओढलेले. मला ओळखायला वेळ लागला. त्या बाई होत्या.

पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, “त्यांना फारसं काही कळत नसावं.” तेवढे एक वाक्य पुरले. त्यानंतर कोणी बाईंशी बोलले नाही. त्यांच्या अंगावरून एकमेकींशी मात्र वॉर्डातल्या सगळ्या शिकाऊ मुली बोलल्या.

“तिकडून धर गं. एक, दोन, उचल!”

“आज डब्यात काय आणलंस?”

बाईंचा डावा हात सारखा हलत असे. माणसाला काही सांगायचे असते तेव्हा जसा हलतो तसा. मुलींना वाटले, त्या नळी ओढून काढतील. त्यांनी तो हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधून टाकला. मी शेजारी पाहत होते, मित्रांनो. जन्मभर मी जशी पडून राहिले, तशा आता बाई पडून होत्या. त्यांना सारे कळत होते. जे कोणी जवळ येईल त्याच्या तोंडाकडे त्या पाहत, ओठ हलण्याची वाट पाहत, आणि मग न विचारता त्यांचे अंग वळवले जाई. त्या खोलीत हे जाणणारी मी एकटी होते, आणि मला जीभ नव्हती.

तुफान आता त्याच वॉर्डाची मुख्य परिचारिका झाली होती. सगळ्या तिला सिस्टर म्हणत. बाई दाखल झाल्याचे तिला ठाऊक होते. खिडकीजवळची खाट तिनेच मिळवून दिली होती, औषधांच्या वेळा ती स्वतः पाहत असे. काही कमी पडू दिले नाही. परंतु भरलेल्या वॉर्डात धावून धावून तिचा चेहरा दगडासारखा झाला होता, आणि डॉक्टरांचे ते वाक्य तिनेही ऐकले होते. ती येई, नळी पाही, हाताची गाठ तपासी आणि एक अक्षर न बोलता जाई.

एके दुपारी आणखी एक रुग्ण येत होता आणि खाट नव्हती. “डमीची खाट मोकळी करा,” सिस्टरने सांगितले. मुलींचे हात गुंतलेले होते, म्हणून तीच माझ्याकडे आली. तिने माझ्या पाठीखाली हात घातला आणि तिच्या तोंडून, तिच्याही नकळत, शब्द आले.

“आजी, मी तुम्हाला उठवतेय हं. घाबरू नका. हात माझ्या खांद्यावर येऊ द्या.”

मुली खदखदून हसल्या. “सिस्टर, अहो, ती डमी आहे! अख्ख्या वॉर्डात बोलायला हीच सापडली का तुम्हाला?”

सिस्टर मला मिठीत धरून तशीच उभी राहिली. तिच्या छातीची धडधड माझ्या पोकळ छातीत वाजत होती. तिने हळूच शेजारच्या खाटेकडे पाहिले. बाई तिच्याकडेच पाहत होत्या.

तिने मला भिंतीजवळच्या खुर्चीत बसवले. मग ती काय करू लागली ते मुलींना समजेना. ती दारापर्यंत गेली आणि तेथून परत आली.

“बाई, मी तुफान,” ती म्हणाली. “तुमचा हात सोडतेय. गाठ घट्ट बसलीय, जरा लागेल.”

आणि ती थांबली. बाईंनी डोळे मिटले, उघडले. गाठ सुटली. सिस्टरने त्यांच्या लुळ्या उजव्या मनगटाची नाडी धरली. पण नाडीवर अंगठा कधी लावायचा नाही हे बाईंनीच शिकवलेले विसरून तिने अंगठाच लावला. बाईंचा मोकळा झालेला डावा हात सावकाश पलीकडे आला, त्याने तिचा अंगठा बाजूला केला आणि तिची बोटे नाडीवर ठेवली.

“चुकलं, बाई,” सिस्टर म्हणाली, आणि मुलींसमोर ढसाढसा रडली.

त्यानंतर खोलीत पुन्हा बोलणे सुरू झाले. मुली विचारत, बाई डाव्या हाताने होकारासाठी बोट दाबत, नकारासाठी सोडून देत. बरे होणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण ते थोडे दिवस त्या माणसांत होत्या.

अशाच एका सकाळी एक मुलगी फणी घेऊन आली. “बाई, केस विंचरते. भांग मधे पाडू?” तिने बाईंचा हात हातात घेतला आणि थांबली. खूप वेळ थांबली. मग तिने सिस्टरला हाक मारली.

सिस्टरने नाडी पाहिली, डोळे पाहिले. “आता उत्तर यायचं नाही गं,” ती म्हणाली. “तरी सांगून विंचर.”

“भांग कुठे पाडू, सिस्टर?”

सिस्टर बाईंच्या केसांकडे पाहू लागली. “बाजूला पाडायच्या. पण कुठल्या?” ती स्वतःशीच म्हणाली. “बाईंचा शब्द न् शब्द आठवतो गं मला. भांग आठवत नाही.”

मला आठवत होता. इतकी वर्षे त्या माझ्यावर वाकत आल्या होत्या. डावीकडे, सुतासारखा सरळ. त्या मुलीने उजवीकडे पाडला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्याच्या अंगावरून बोलू नका, त्याच्याशी बोला. आणि ज्यांनी तुम्हाला शिकवले, त्यांचे शब्द जपता तशी ती माणसेही नीट पाहून ठेवा. ही माझी विनंती नाही, आज्ञा आहे. मी बाईंना रोज पाहिले, आणि ज्या एका क्षणी सांगायला हवे होते, त्या क्षणी मला सांगता आले नाही. तुम्हाला जीभ आहे.