डाव्या हाताची अक्षरं

घड्याळजींनी चिमट्याने शेवटचा स्टिकर उचलला आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात दाबून बसवला. आठवडाभर ते हात धुवून या कामाच्या मागे लागले होते. बायको शब्दकोश करत होती आणि त्यातल्या परभाषेत निम्म्या अक्षरांना टोपी, टिंब, नाहीतर शेपटी. ही सगळी अक्षरं तिने पूर्वी उजव्या हाताखालच्या कळांवर लावून घेतली होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात मांडीवर निपचित पडून होता आणि तीन महिने शब्दकोश जिथल्या तिथे होता.

"झालं बघ! टोपीवाली सगळी मंडळी डावीकडे आणली."

तिने डाव्या बोटांनी एकेक कळ दाबली. एकही अक्षर चुकलं नाही. घड्याळजी शाबासकीची वाट बघत उभे होते.

"उजवीकडे काहीच नाही ठेवलंत?"

"कशाला? तुला सोपं पडावं म्हणून तर एवढा खटाटोप केला."

"म्हणजे तुम्ही ठरवून टाकलंत."

"काय ठरवलं?"

"हा हात परत येणार नाही म्हणून."

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. मंगळवारी डॉक्टरांनी बाजूला घेऊन त्यांना नेमकं हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी घरात तो विषय काढला नव्हता. दुकानात कितीही मेलेलं घड्याळ आलं तरी ते गिऱ्हाइकाला "ठेवून जा, बघतो" म्हणायचे. बायकोच्या हाताला मात्र आपण तेवढंही म्हटलं नाही, याची त्यांना शरम वाटली. त्यांनी चष्मा उगाचच पुसला.

मग खुर्ची ओढून ते संगणकाच्या पडद्यासमोर बसले.

"बोल, कुठलं अक्षर हवंय उजवीकडे?"

"सगळ्यात जास्त लागतं ते."

"अगं, कामाचा पार खोळंबा होईल!"

"होऊ दे."

त्यांनी संगणकात ते अक्षर उजवीकडच्या कळेवर नेलं आणि डावीकडचा स्टिकर नखाने खरवडून काढला. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून कळांवर ठेवला, बोटं एकेक करून सरळ केली आणि अडलेलं पान उघडलं. पहिला शब्द वाचून तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती.

"पहिल्याच शब्दात दोनदा आलंय मेलं," ती म्हणाली. "बसा असेच. वेळ लागेल."