भिंतीआडचा सूर्य

जळकोटला चंद्रप्पांचं पत्र्याचं गोदाम भाड्यानं घेतलं, तेव्हा ते म्हणाले, "महामायाताई, उगवतीकडं भिंत हाय की. खिडकी पाडायची का?"

मी ऐटीत म्हटलं, "नको काका. मी शोधतेय त्या कणांना भिंत अडवत नाही."

ते कण म्हणजे अ‍ॅक्सिऑन. विश्वातलं न दिसणारं द्रव्य कदाचित त्यांचंच असेल. ते खरंच असतील तर सूर्याच्या पोटातही तयार होत असणार, आपल्या आरपार जात असणार, आणि जोरदार चुंबकातून जाताना एखाद्याचा क्ष-किरण होणार. म्हणून चुंबकाची नळी सूर्यावर रोखायची आणि टोकाच्या मापकाकडे डोळे लावून बसायचं. वर्षभर मापक ढिम्म. नांदेडहून माझे मार्गदर्शक व्यंकटराव सर फोनवर म्हणाले, "यंत्र आंधळं दिसतंय. सोमवारी येतो आणि चुंबक परत नेतो." असा संताप आला मला! पोटच्या पोराला कुणी ठोंब्या म्हणावं तसा.

आणि रविवारी सकाळी नळी उगवत्या सूर्याकडे वळवली, तर आकडा भराभर चढला. नळी बाजूला केली, उतरला. पुन्हा सूर्याकडे केली, पुन्हा वर! मी अक्षरशः नाचले. सरांना फोन लावला.

"सर, दिसतंय!"

"कुणाला बोलू नकोस. उद्या बघतो," ते म्हणाले.

सोमवारी उजाडताना सर हजर. नळी सूर्यावर रोखली. आकडा जागचा हलेना. सरांनी पाना काढला आणि चुंबकाचा पहिला नट सैल केला. मी रडू आवरत बघत होते, तोच आकडा उसळला.

बाहेर नुकताच टेम्पो येऊन थांबला होता आणि भिंतीपलीकडे पेट्या आदळत होत्या. मी धावत भिंतीपलीकडच्या पडवीत गेले. चंद्रप्पा पेट्या रचत होते. वरातींत पुन्हा गॅसबत्त्यांची हौस आली आहे, आणि चंद्रप्पांचा त्या भाड्यानं देण्याचा धंदा जोरात आहे.

"रात्री मुदखेडला वरात होती, आत्ता समदं सामान घेऊन परत आलो," ते म्हणाले. "परवाच जुन्या मेंटलांचा माल घेतला, ताई. लई स्वस्त."

मेंटल, म्हणजे बत्तीत पेटणारी ती जाळीची पिशवी. जुन्या मेंटलांत थोरियम असतं आणि थोरियम किरण सोडतं. तेही भिंतीला दाद देत नाहीत.

डोंगर पोखरून उंदीर! मग एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथूनच ओरडले, "सर, आपल्या यंत्राला भिंतीपलीकडच्या पेट्या दिसल्या!"

सर पाना धरून दारात आले. पेट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

"आणि मी याला आंधळं म्हणत होतो! जा, तो नट घट्ट कर. पण आधी या पेट्या लांब हलवा."

मी पेट्या उचलायला लागले. चंद्रप्पा चक्रावले. "सूर्यातलं तर कायबी गावलं न्हाई. मग एवढ्या खूश कशापायी?"

"यंत्राला दिसतं, काका! आता त्या कणानं नुसतं येऊन बघावं!"