तिसऱ्या अल्बमचा खर्ज

उत्तरेकडच्या एका शहरातल्या महानगर वस्तीतल्या त्या मराठी घरात रविवारची सकाळ म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर चंद्रहासची तबकडी आणि चंद्रहासची चिडचिड. त्याच्या लाडक्या पोस्ट-पंक रॉक बँडचा तिसरा अल्बम निम्म्या चाहत्यांना पोरकट वाटायचा. उरलेले निम्मे ‘नाचायला मस्त’ म्हणायचे, त्यांचा तर त्याला जास्तच राग. वीस वर्षं तो इंटरनेटवर दोघांशीही भांडत होता.

“नाचायला? बहिरे आहात काय रे?” आजही तोच अल्बम लावून तो बडबडत लॅपटॉप बडवत होता. “चौथ्या गाण्यातला गायकाचा खर्ज ऐका! आणि ड्रमरचा संयम! दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस कपूरथल्याच्या बाजारात जाऊन सब्जी घेऊन येईल!” मोबाईलवर गाणी ऐकणं त्याला पापच वाटे.

मुलगी देवयानी त्याचं मराठी निमूट ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. तिने वाकून तबकडीवरचं लेबल वाचलं.

“बाबा, इसपे तो पैंतालीस की स्पीड लिखी है. आप तैंतीस पे क्यों बजाते हो?”

“मोठ्या तबकड्या मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांवरच वाजवतात. मला शिकवू नकोस.”

तिने प्लेअरचा वेगाचा खटका पंचेचाळीसवर सरकवला. खर्ज गायब झाला, कुणी कोवळा पोरगा किरकिरू लागला आणि ड्रमर उधळत सुटला. खरंच, नाचायचीच गाणी होती.

चंद्रहासने दोन मिनिटं कशीबशी सोसली. मग खटका परत तेहेतीसवर ढकलला आणि लॅपटॉप खाडकन मिटला. ज्या अल्बमसाठी तो वीस वर्षं जगाशी भांडला, तो त्याच्याखेरीज कुणी ऐकलाच नव्हता.