सिरिल अजून तिठ्यावर आहे

आमच्या सायकल क्लबात एक नियम आहे. पुढारी सगळ्यांत पुढे. वळण आलं की त्याच्या मागचा माणूस तिथं उतरतो आणि बाकीच्यांना हात करून वाट दाखवतो. सगळ्यांत शेवटी जो येतो तो शेपटीवाला. तो आला आणि "माझ्यामागे कोणी नाही" म्हणाला, की वळणावरचा सुटला. तोवर त्यानं हलायचं नाही. पाऊस असो, गारा असोत, पोटात कावळे ओरडत असोत.

मी क्लिफर्ड याप. वय चौऱ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. दर गुरुवारी आम्ही सहा-सात जण इंग्लंडातल्या लडलो गावाहून निघतो आणि श्रॉपशरच्या गल्लीबोळांतून गोगलगायीच्या चालीनं कुठल्यातरी गावच्या हॉलात चहाला पोचतो. घाई कुणालाच नसते. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला झाली.

एकतीस वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. पावसात बर्फ मिसळून पडत होता. थ्री एल्म्सच्या तिठ्यावर सिरिल प्रीस उभा होता आणि शेपटीला मी होतो. वाटेत माझं चाक पंक्चर झालं. ते काढता काढता बोटं बधिर झाली. शेतातून एक पायवाट सरळ हॉलच्या मागच्या दारी निघते हे मला ठाऊक होतं. मी सायकल खांद्यावर मारली आणि त्या वाटेनं गेलो. सिरिल कंटाळून येईल मागून, असं मनाशी म्हटलं. खरं तर तसं होणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. सिरिल रेल्वेत सिग्नलमन होता. शेवटच्या डब्याचा लाल दिवा डोळ्यांनी दिसल्याशिवाय गाडी गेली असं तो मानत नसे.

हॉलात शिरलो तर आमचा पुढारी रॉय म्हणाला, "सिरिल कुठाय रे?"

"त्याला सोडलं मी. टास्करच्या शेतावर जरा थांबतो म्हणाला."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिठ्याजवळ घर म्हणून ते एकच होतं, म्हणून तोंडात आलं. पण तिथं म्यूरिएल टास्कर एकटी राहायची. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, दिसायला देखणी. टेबलावर कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. मी गरम चहा प्यालो.

सिरिल साडेतीन तास तिथं उभा राहिला. मग धुक्यात दुधाच्या टँकरनं त्याला उडवलं. चौकशीत मी तेच सांगितलं जे हॉलात सांगितलं होतं. एकदा थुंकलेलं गिळता येईना. म्यूरिएल शपथेवर सांगत राहिली की तो माझ्या दारात आलाच नाही. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. वर्षभरात ती शेत विकून गेली. आणि सिरिलची बायको ऑड्री नवऱ्याच्या दफनाला कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली, कारण साडेतीन तास तो कुठं होता हे तिला सगळ्या गावानं सांगितलं होतं.

त्यानंतर मी शेपटीला कधी राहिलो नाही. फेऱ्यांचे रस्ते मीच आखायला लागलो आणि एकाही रस्त्यात थ्री एल्म्स येऊ दिलं नाही. दर शरदात ऑड्रीच्या दारात सफरचंदांची टोपली ठेवत आलो. ती म्हणायची, "क्लिफ, तू फार भला माणूस आहेस." त्या रात्री मला जेवण जायचं नाही.

मागच्या महिन्यात ऑड्रीनं घर विकलं. ती मुलीकडे कॅनडाला कायमची निघाली, शनिवारी विमान. ती आमच्या क्लबातली, त्याआधीचा गुरुवार तिची शेवटची फेरी. म्हणजे सांगायचं तर त्या दिवशी, नाहीतर कधीच नाही. खरं सांगू? कधीच नाही, याकडेच माझा कल होता.

"आज रस्ता ऑड्रीच्या मनासारखा," रॉय म्हणाला. "बोल राणीसाहेब, कुठून जायचं?"

"थ्री एल्म्सवरून."

"तो रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

"एकतीस वर्षं खराबच आहे का रे? खड्डेसुद्धा कंटाळून बुजले असतील एव्हाना." ती हसली. मग हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली, "नवरा कुठं मेला ते न बघता मी जाणार नाही. गुण उधळले असतील त्यानं, पण नवरा होता."

सप्टेंबरचं कोवळं ऊन होतं. कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकलेल्या. आमच्यात नवीन आलेली टेसा, लडलोच्या औषधाच्या दुकानात काम करते, ती शेपटीला होती आणि दर दहा पावलांवर उतरून डबा भरत होती. तिठा आला. एल्मचं झाड आता तिथं एकही नाही, सगळी रोगात गेली. ऑड्री उतरली, मिनिटभर कुंपणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काहीच नाही की इथं." रॉय म्हणाला, "आता हॉलची पाटी आहे इथं, वळणावर कुणी थांबायला नको." मी पुढच्या चाकावरची नजर उचलली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

हॉलात टोस्टवर बीन्स आल्या, लिंबाचा केक आला. माझा जीव जरा भांड्यात पडत होता. चुकला प्रसंग, असं वाटत होतं. तेवढ्यात टेसा आत आली. ब्लॅकबेरीनं ओठ जांभळे आणि चेहरा वैतागलेला.

"रॉय, तुमचा तो माणूस विचित्र आहे हं! तिठ्यावरून हलायलाच तयार नाही."

"कोण माणूस? मी कुणाला ठेवलंच नाही तिथं."

"अहो, उभा आहे ना! हात लांब करून. मी म्हटलं, माझ्यामागे कोणी नाही, चला आता चहाला. तर माझ्याकडे न बघता मागच्या रस्त्याकडेच बघतोय. म्हणाला, क्लिफ अजून यायचाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रॉय हसला. "क्लिफ? हा तर मघाशीच येऊन दोन केक हाणून बसलाय."

"तेच मी सांगितलं त्याला! ऐकतच नाही. आणि एवढ्या उन्हात चिंब भिजलेला. कोटातून पाणी गळतंय, हाताचा रंग बघवत नाही. आजारी असेल तर बघा बाई कुणीतरी."

ऑड्रीनं कप खाली ठेवला. "कोट कसला?"

"काळा, जाड. रेल्वेवाल्यांचा असतो तसा. हिरवी लोकरीची टोपी."

"ती मी विणलेली," ऑड्री म्हणाली.

ऑड्री माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, अजून नव्हता. तिला फक्त कळत नव्हतं. "क्लिफ, तो तुझी वाट का बघतोय? तू तर त्याला सोडलं होतंस."

कुणीतरी थट्टा केली असेल, असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आलेही होते. पण ते ओले हात माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. मी बोललो. पंक्चर, पायवाट, चहा, टास्करचं शेत, सगळं. बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एकतीस वर्षं ज्याला लागली ते दोन मिनिटांत संपलं.

ऑड्रीनं ताटलीतला उरलेला केक सावकाश संपवला. अर्धवट टाकायची तिला सवय नाही. मग ती उठली.

"चल."

"कुठं?"

"तो तुझ्यासाठी उभा आहे ना? मग त्याला सोड."

दोन मैलांचा रस्ता. मी पुढे, ती मागे. तिच्या साखळीचा आवाज माझ्या पाठीला लागून येत होता. ती एकदाच बोलली, "मी त्याची सायकल भंगारात दिली, क्लिफ. त्याच्या थडग्यावर एक फूल ठेवलं नाही कधी."

तिठा आला. ऊन तसंच होतं. कुंपण, गवत, मोकळा रस्ता. मला कुणीही दिसलं नाही. पण कुंपणाला लागून हातभर जागा ओली होती, आणि तिथं उभं राहिल्यावर माझी बोटं त्या नोव्हेंबरसारखी बधिर झाली. मी अशी भीती कधी अनुभवली नव्हती. पळून जावंसं वाटत होतं.

ऑड्री सायकलवरून उतरली. तिची नजर एका जागी खिळली होती, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. तिचा हात तोंडाशी गेला.

"बोल," ती म्हणाली.

"सिरिल," मी म्हणालो. आवाज माझाच वाटेना. "सिरिल, मी आलो रे. माझ्यामागे कोणी नाही."

काहीच झालं नाही. एक कबुतर उडालं. मी ऑड्रीकडे बघत राहिलो, कारण जे काही घडायचं होतं ते मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळणार होतं. तिचे डोळे भरले. मग ती रडली. दफनाच्या दिवशी रडायला हवं होतं तशी, सगळं अंग हलवून. तो गेला म्हणून, की मला बघूनही हलला नाही म्हणून, ते मला कळेना.

"ऑड्री, सुटला का तो?"

तिनं रुमालानं नाक पुसलं.

"सुटला का, एवढं सांग. पाया पडतो तुझ्या."

"मला एकतीस वर्षं खरं कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. सायकलवर बसली आणि लडलोच्या रस्त्याला लागली. परवा ती विमानात बसेल. तिचा पत्ता माझ्याजवळ नाही आणि ती तो देणारही नाही.

मी तिथंच उभा राहिलो. कुंपणाशी तोंड करून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. जरा मोठ्यानं म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं.