मस्कतचा फोन

दौलतने फोन ठेवला तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता. पलीकडच्या बाई मस्कतच्या भारतीय वकिलातीतून बोलत होत्या. "गीता तुमची बहीण ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्याने चक्क "राँग नंबर" म्हणून सांगितलं!

असं का केलं, त्याचं त्यालाच कळेना. हैदराबादेत अफझलगंजच्या पतसंस्थेत नोकरी करणारा, गौलीगुड्यात चार माणसांत ऊठबस असणारा माणूस तो. पण नुकताच एजंट अनिल येऊन बजावून गेला होता, "भाऊ, गीता मालकाच्या घरातून पळाली. केस झालीय. कुणी पूछे तो हमारी नहीं बोलना. नाहीतर तुम्ही बी अंदर जाल."

गीता सव्वीस वर्षांची. तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी आखातात जायला सरकारची मनाई, म्हणून अनिलने तिला फिरायच्या व्हिसावर नेलं होतं. दौलतला ते ठाऊक होतं. मग गुन्हेगार कोण? अनिल, गीता की तो स्वतः? आणि सरकार फोन करतंय ते मदतीला की पकडायला? डोकं भणाणून गेलं.

पोरगा न जेवताच ताटावरून उठला, तशी त्याच्या आईने, केसरबाईने शेजारच्या योगिनीताईंना हाक मारली. त्या जामबागच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्यापुढे दौलतने सगळं ओकून टाकलं.

"पळाली म्हणजे? चोरी केली तिनं?" योगिनीताईंनी विचारलं.

"नाही ताई. मागं चोरून फोन केला होता. मारतात म्हणाली. पासपोर्ट बी काढून घेतला."

"मग पळाली काय म्हणता? जीव वाचवला तिनं!"

"पण कायदा मोडून गेली ना. सरकार कायकू मदत करंल?"

"बायांनी धोक्यात पडू नये म्हणून तो कायदा आहे, दौलतभाऊ. धोक्यात पडलेलीला तिथंच टाकून द्या, असं तो म्हणत नाही. अशा बायांना वकिलात आसरा देते, तिकिटासाठी मदतनिधी असतो. पण तिच्या घरच्यांनीच हात वर केले तर?"

"लोक काय म्हणतील, ताई? आखातातून पळून आलेली बाई..."

"लोकांचं मला सांगू नको!" केसरबाई कडाडली. "माझी लेक आज जेवली का, ते सांग!"

दौलतने मघाचाच नंबर परत लावला. "मॅडम, मघाशी मी खोटं बोललो. गीता माझी सख्खी बहीण आहे."

त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फोन गीताच्या हाती दिला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मघाशी मी इथंच बसले होते."

दौलत लहान मुलासारखा रडला.

पासपोर्ट मालकाकडेच राहिला. वकिलातीने प्रवासाचा तात्पुरता दाखला काढून दिला, तिकीटही मदतनिधीतून झालं. गीता परत आली. दौलतने अनिलविरुद्ध तक्रार दिली. "व्हिसाचं तुम्हाला माहीत होतं?" असं पोलिसांनी विचारल्यावर त्याने "होय" म्हणून कबूल केलं. गीता मात्र कितीतरी दिवस त्याच्याशी मोजकंच बोलायची. तिची माफी कशी मागावी, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

बंधू-भगिनींनो, लेकी-सुना परदेशी कामाला निघाल्या, तर आधी सरकारी कार्यालयात चौकशी करा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. आणि त्यातूनही एखादी फसलीच, तर लाजेपायी गप्प बसू नका. सरकार तिला विमानतळापर्यंत आणून सोडेल. तिथून तिला मानाने घरात घेणं आपल्याच हाती आहे!