बटणांच्या डब्यातला बिल्ला

दचकू नका, बोलतोय तो मी, पितळेचा एक बिल्ला. गुप्तरोगाच्या दवाखान्यात माझा जन्म गेला. तिथे कुणाला नावाने हाक मारत नाहीत. दारात बिल्ला हातात देतात आणि आतून आकडा पुकारतात. लोकांची अब्रू झाकायचं काम आमचं. माणसं मला मुठीत अशी काही आवळतात, की माझा सातचा आकडा घामाने झिजत आलाय.

एकदा एक शिंपी आला. रक्त तपासलं, सिफिलिस निघाला. नर्सबाईंनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "तुम्ही बरे व्हाल, पण बायकोलाही घेऊन या. तिला काही होत नसलं तरी तपासायला हवं. उद्या दिवस गेले तर बाळाच्या जिवाशी खेळ होईल."

"आणतो की, उद्याच आणतो," म्हणत तो सटकला. गडबडीत मी त्याच्या खिशातच राहिलो.

कपडे धुताना मी त्याच्या बायकोच्या हाती लागलो. मी गोल, खिळ्याला अडकवायला वर भोक पाडलेला. शिंप्याच्या घरात दुसरं काय वाटणार? जुन्या कोटाचं बटण समजून तिने मला बटणांच्या डब्यात टाकलं. शिंप्याचा तो उद्या काही उजाडला नाही.

डब्यात अंधार असतो, पण ऐकू सगळं येतं. पुढे तिला दिवस गेले, घरात पाळणा आला. कळा सुरू झाल्यावर सगळे धावतपळत दवाखान्यात गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. बाळ रडलंच नव्हतं. सासूबाईंनी पाळण्यावर चादर टाकली. वारा सुटला की तो पाळणा करकरायचा, आणि शिंप्याचं मशीन चालता चालता थांबायचं. मला फार भीती वाटायची.

तिला पुन्हा दिवस गेले.

"अहो, हे तरी रडेल ना हो?"

"रडेल की. भलतंसलतं बोलू नकोस."

मग एका दुपारी बाळाच्या स्वेटरसाठी तिने डबा चटईवर पालथा केला. मी घरंगळत शिंप्याच्या पायाशी गेलो.

"अहो, हे कुठल्या कोटाचं?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ते बटण नाही," तो म्हणाला आणि खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मागच्या वेळी ठाऊक होतं तुम्हाला?"

त्याने नुसती मान डोलावली. तिने मला उचललं, पायात चपला सरकवल्या. "चला."

नर्सबाईंनी तिचं रक्त तपासलं, तिलाही इंजेक्शन सुरू केलं. "बरं झालं आलात. या बाळाला वाचवता येईल."

"आणि आधीचं?" तिने विचारलं. नर्सबाई शिंप्याकडे बघत राहिल्या.

मी आता परत माझ्या खिळ्यावर आहे. ते बाळ रडलं की नाही, मला कळलेलं नाही. रस्त्यावर कुठलंही मूल रडलं की वाटतं, हेच असेल. वारा सुटला की मात्र पाळणाच ऐकू येतो.

मला बेलाशक हातात घ्या. तपासण्यात लाज कसली? पण खिशात लपवून मला घरी नेऊ नका. नेलंत, तर त्याच दिवशी बायकोच्या तळहातावर ठेवा आणि सांगा, हे बटण नाही.