लाल टिकल्या आणि फाटके गुडघे

पालिकेच्या बाईंनी आमच्या रस्त्याचा नकाशा लावला तो धाकट्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात. माझं शिलाईचं दुकान त्याला खेटूनच, तीस वर्षांचं. त्याचं कालपरवाचं. तरी बाई थेट त्याच्याकडे गेल्या. पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू!

रस्त्यात जिथे भीती वाटते, तिथे लोकांनी नकाशावर लाल टिकली चिकटवायची. जिथे टिकल्या जास्त, तिथे पांढरे पट्टे आणि गतिरोधक. जागा एकच मिळणार होती आणि शनिवारच्या बैठकीत ती ठरणार होती. धाकट्याकडे आठवडाभर रीघ. "या काका, या मावशी," करत तो टिकल्या वाटत होता, जणू रस्ता याच्या तीर्थरूपांचा. आमचे तीर्थरूप एकच, हे रागाच्या भरात माझ्या लक्षात आलं नाही.

सगळ्या टिकल्या मोठ्या चौकात पडल्या. तिथे हॉर्नचा गोंगाट, म्हणून लोकांना तिथली भीती. पण माणसं पडतात ती पोस्टाच्या वळणावर. बस अगदी कडेला येते, माणूस दचकून मागे सरतो आणि तुटक्या फुटपाथवर आपटतो. हे मला ठाऊक, कारण फाटक्या पँटी माझ्याकडे येतात. ठिगळ लावताना मी विचारतोच, "कुठे पडलात?" दहातले आठ म्हणतात, "पोस्टापाशी."

मी तोंडातून ब्र काढला नाही. मला कोणी विचारलं होतं? होऊ दे गतिरोधक भलत्या जागी, होऊ दे त्याची फजिती.

शुक्रवारी भावजय आली. हातात माझ्या पुतणीच्या गणवेशाची पँट.

"दादा, एवढा गुडघा शिवून द्या. बसखाली जाता जाता वाचली हो पोरगी."

"कुठे?"

"पोस्टापाशी."

तो गुडघा हातात घेऊन मी बसून राहिलो. फार तर चार बोटं रुंद होता. मला माझीच शिसारी आली. उठलो, शेजारी गेलो आणि धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने निमूट लिहून घेतलं.

बैठकीत तो उभा राहिला. हा आता माझं श्रेय लाटणार, याची मला खात्री होती. खरं तर त्याने लाटावं असंच वाटत होतं, म्हणजे निवांत राग धरता आला असता.

"माणसं पडतात ती चौकात नाही, पोस्टाच्या वळणावर. हे माझ्या दादाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी टिकल्या वाटत बसलो, पण शेजारी विचारायचं सुचलं नाही. चूक माझी."

टाळ्या पडल्या. जागा बदलली, पोस्टाचं वळण ठरलं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नशीबवान आहात. एवढ्या मोठ्या मनाचा भाऊ कुणाला मिळतो?"

घरी जाताना मी वाट बघत होतो, की आठवडाभर गप्प का होतास, असं तो विचारेल. त्याने विचारलं नाही. त्याच्या मनातच आलं नाही ते, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.